खुलासाबाईंचा आराखडा

खुलासाबाईंना खरं नाव होतं, पण कोर्टाच्या आवारात ते फक्त त्यांच्या पाटीवर उरलं होतं. पट्टेवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे त्यांना मागून खुलासाबाईच म्हणत. समोरचा माणूस काहीही बोलला, की चष्मा कपाळावर सरकवून बाई म्हणायच्या, "याचा खुलासा करा." चहा गार आला तरी खुलासा, पक्षकार उशिरा आला तरी खुलासा. एकदा सरकारी वकील नुसते शिंकले आणि बाईंनी सवयीने चष्मा वर केला, तेव्हा अख्खं कोर्ट हसलं होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आले होते दोघे-चौघे. एकानेही समाधानकारक खुलासा केला नाही." धाकटा भाऊ आणि वहिनी खालच्या मजल्यावर राहत, बाई वरच्या. भावाचे केस पिकले तरी त्या त्याला बाळ्याच म्हणत. बाळ्याही कमी नव्हता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची ताई स्वतःचा वाढदिवससुद्धा दाखला बघितल्याशिवाय मान्य करत नाही." त्याला हसायला काय जातंय? वकिलीच्या पहिल्याच वर्षी एका गोडबोल्या पक्षकाराने बाईंना भर कोर्टात तोंडघशी पाडलं होतं. तेव्हापासून त्या ताकही फुंकून पीत आल्या होत्या आणि त्यात त्यांचं कधी नुकसान झालं नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे इस्त्रीवालीचा खटला होता. इस्त्रीवालीचा तरणाताठा मुलगा पोलिसांनी चौकीत नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत परत दिलं. छातीत कळ आली, असं चौकीचं म्हणणं. पण त्या रात्री त्याच कोठडीत आणखी एक माणूस होता. पाट्या रंगवणारा, सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. दुकानदाराशी भांडण झालं म्हणून त्याला आत टाकला होता. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. हा पेंटर कोर्टात उभा राहिला तर खटला उभा राहणार होता, आणि तो कोर्टापर्यंत पोहोचूच नये अशी इच्छा असलेली माणसं खाकी कपड्यांत रोज बाईंच्या समोरून जात होती.

बाईंनी पेंटरला लपवला. कुठे, ते फक्त घरातल्यांना ठाऊक होतं: वहिनीच्या माहेरी, माडीवरच्या खोलीत. सुनावणी उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर होती. तोवर डोळ्यांत तेल घालून बसायचं, एवढंच काम.

आणि नेमकं तेव्हाच परदेशातून बोलावणं आलं. एका विद्यापीठाचा मानवी हक्क कायद्याचा उन्हाळी अभ्यासक्रम. राहणं, खाणं, जाणं-येणं सगळं त्यांच्याकडून. बाईंनी ते बोलावणं उजेडात धरून पाहिलं. फुकट कुणी सल्लासुद्धा देत नाही, आणि हे लोक विमानात बसवून कायदा शिकवणार? त्यांनी विद्यापीठाला फोन करून खुलासा मागितला. तिकडच्या मुलीने हसून सगळं समजावलं. तिच्या हसण्याने बाईंचा संशय वाढला. पण कोठडीतले मृत्यू कसे सिद्ध करायचे, साक्षीदार कसे सांभाळायचे, हे सगळं तिथे शिकवणार होते, आणि पेंटरसाठी ते हवंच होतं. निघताना त्यांनी बाळ्याला बजावलं, "कुणाशी बोलायचं नाही. भिंतीला कान असतात."

"ताई, आमच्या भिंतीला रंगसुद्धा नाही, कान कुठून येणार?" बाळ्या म्हणाला.

वसतिगृहाची खोली दोघींची होती. दोन पलंग, दोन टेबलं, एक कपाट आणि सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. स्वयंपाकघर सगळ्या मजल्यात एक. बाईंच्या सोबतीला जी आली ती तिशीतली, बारीक, दुसऱ्याच कुठल्या तरी देशातली वकील. ती चालायची तेव्हा आवाज यायचा नाही. दार कधी उघडलं, कधी लागलं, पत्ता नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी मनात तिचं नाव मांजर ठेवून टाकलं. दोघींची बोलायची भाषा तिसऱ्याच लोकांची होती, दोघींनाही मोडकीतोडकी येणारी, त्यामुळे बोलणं बेताचंच व्हायचं.

पण बघायला भाषा लागत नाही, आणि बाई बघत होत्या. मांजरीची बॅग कायम भरलेली. कपडे कपाटात लावायचे सोडून ती रोज बॅगेतून काढायची आणि धुऊन वाळले की पुन्हा बॅगेत. वर्गात बसायची ती शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. कुणी फोटो काढायला लागलं की ही नेमकी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायची. फोन उशीखाली घालून वर पांघरूण टाकायची, जणू तापाचं पोर. कुठे काम करतेस विचारलं तर "थोडं इथे, थोडं तिथे." बाईंच्या मनात पाल चुकचुकली. थोडं इथे, थोडं तिथे काम करणारी माणसं त्यांनी कोर्टाबाहेर पुष्कळ पाहिली होती. ती चहाच्या टपरीवर बसून कोण कुणाला भेटतं ते चौकीला कळवायची.

शिकवायला एक निवृत्त न्यायाधीश होते. पांढऱ्या भुवयांचे, सावकाश बोलणारे, बाईंना ते आजोबाच वाटायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. घरीसुद्धा." बाईंनी मान डोलावली. हे त्यांना पाठ होतं.

मग एके दिवशी आजोबांनी काम दिलं: साक्षीदाराच्या सुरक्षेचा आराखडा काढा. साक्षीदार काल्पनिक घ्या, मोठ्या कागदावर काढा, भिंतीला लावा, एकमेकांच्या चुका दाखवा. बाकीचे काल्पनिक माणसं जमवायला लागले. बाईंनी विचार केला, खोट्या माणसाचा आराखडा तपासून घेऊन काय करायचं? इथे जगभरचे जाणते बसले आहेत. खऱ्याचाच काढला तर त्यातली भोकं आपोआप कळतील. फक्त इथल्या कुणाला कळता कामा नये. त्यावरही त्यांच्याकडे उपाय होता. त्यांनी सगळं आपल्या भाषेत लिहिलं.

अक्षर त्यांचं मोत्यासारखं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी घर काढलं, गल्ली काढली, पुढचं दार, मागचा जिना, डबा कोण देतं, कोण येतं-जातं, सगळं बाण काढून दाखवलं. आजोबांना तोंडी समजावताना गावाचा, माणसाचा पत्ता लागू दिला नाही. आजोबा म्हणाले, "वर्गातला सर्वांत उत्तम आराखडा." बाईंचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत न्यायाधीशाच्या तोंडून त्यांनी फक्त "बाई, आवरा" ऐकलं होतं. त्यांनी शेजारच्या विद्यार्थ्याला आपला फोन देऊन आराखड्यासमोर उभं राहून एक फोटो काढून घेतला आणि बाळ्याला पाठवला. माणसाला कधीतरी आनंद होऊ नये का? वर्गात त्या क्षणी एकटी मांजर हसत नव्हती. ती त्या कागदाकडे टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर सगळ्यांचे आराखडे होते. बाईंचा नव्हता.

पडला असेल म्हणून त्यांनी टेबलांखाली वाकून पाहिलं. सफाईवाल्याला विचारलं. खोलीवर आल्या तर न्हाणीघराच्या कचऱ्याच्या डब्यात ओले, चुरगाळलेले कागदाचे तुकडे. एका तुकड्यावर त्यांच्याच अक्षरातला अर्धा "जिना" होता. त्या तिथेच बसल्या. मांजर! दुसरं कोण? कागद नेला, हवं ते टिपून घेतलं, आणि बाकीचा पुरावा पाण्यात बुडवला.

त्याच दुपारी मांजरीने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा तो साक्षीदार, आता त्याच्याजवळ कोण आहे?"

"कुठला साक्षीदार? तो काल्पनिक होता," बाई म्हणाल्या.

"इतके बाण काल्पनिक माणसासाठी कुणी काढत नाही," मांजर म्हणाली आणि आवाज न करता निघून गेली.

त्या दिवसापासून बाईंनी पहारा सुरू केला. फणी टेबलावर ठेवताना दाते खिडकीकडे, मांजरीच्या पलंगाच्या दिशेला करून ठेवायच्या. परतल्यावर दाते भिंतीकडे असायचे. फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेल्या आणि परत आल्या, तर मांजर त्यांच्या फोनवर वाकून उभी! "वाजत होता," ती म्हणाली. वाजला होता हे खरं, बाळ्याचाच फोन येऊन गेला होता. पण वाजणाऱ्या फोनवर इतकं वाकायचं काय कारण? बाईंनी खुलासा मागितला नाही. आरोपीला सावध करायचं नसतं. त्यांनी बाकीच्यांना सावध केलं. जेवणाच्या टेबलावर एकीच्या कानात, ग्रंथालयात दुसऱ्याच्या. संशय पसरवायला मोडकीतोडकी भाषाही पुरते. आठवडा संपायच्या आत मांजरीच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. तिने कुणालाच काही विचारलं नाही. भिंतीला पाठ लावून ती एकटी जेवायची, आणि बाईंना वाटायचं, बघा, निर्दोष माणूस एव्हाना ओरडला असता.

बाळ्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा तो नेहमीसारखा हसत नव्हता.

"ताई, माझ्या सासुरवाडीच्या गल्लीत दोन माणसं येऊन गेली. पेंटर मिळेल का विचारत होती. दुकानाची पाटी रंगवायचीय म्हणे."

"मग?"

"सासरे म्हणाले, इथे कुणी पेंटर नाही. तर त्यातला एक हसला आणि म्हणाला, माडीवर विचारून बघा की."

दुसरी जागा बघून सांगते, तोवर त्याला बाहेर पडू देऊ नको, असं बजावून बाईंनी फोन ठेवला. माडीवर! आता काय संशय उरला? कागद फाडणारी हीच, फोन चाळणारी हीच, आणि तिकडे माडीचा पत्ता पोचला. पेंटरचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. निघायच्या आधी तो म्हणाला होता, "बाई, मी तुमच्या भरवशावर आहे." बाईंना राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कोठडीतून जिवंत सुटलेला माणूस आपल्या हातून जाणार होता.

नेमकी दुसऱ्या दिवशी मुलाखतीची तालीम होती. एकाने पीडित व्हायचं, स्वतःच्या कामातला एखादा प्रसंग सांगायचा. दुसऱ्याने जबाब घ्यायचा. आजोबांचा नियम एकच: बोलणाऱ्याने तळहात वर केला की विचारणाऱ्याने थांबायचं. वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. दुखऱ्या माणसाला एवढा तरी हक्क हवा, असं ते म्हणत. मांजरीसमोर बसायला कुणी तयार नव्हतं. बाई स्वतःहून जाऊन बसल्या.

"तू कुठे काम करतेस?" बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आता कुठेच नाही."

"बॅग कायम भरलेली का?"

"सवय आहे."

"फोटोत का येत नाहीस? कुणाला घाबरतेस? माझा कागद कुणाच्या सांगण्यावरून फाडलास?"

मांजरीने तळहात वर केला. बाईंना तो हात दिसला, अगदी स्पष्ट दिसला. पण इतक्या दिवसांनी चोर हाताशी आला होता, आता कुठे थांबता? "माझ्या फोनमध्ये काय बघत होतीस? कुणाला कळवलंस? याचा खुलासा कर!"

हात अजून वरच होता. आजोबा खुर्चीतून उठले, पण मांजरीने त्यांना थांबवलं आणि हात खाली घेतला.

"मी फाडला," ती म्हणाली. "आमच्या कचेरीत असाच एक कागद भिंतीवर होता. घर, गल्ली, जिना, बाण. एका नवीन मुलाने कौतुकाने भिंतीचा फोटो काढला. ज्या घराला बाण होता तिथे एक शिक्षक लपला होता. त्याला जेवण घेऊन मी जायचे. त्या दिवशी गेले तर दार उघडं होतं. मग मलाही नेलं. तेव्हापासून बॅग भरलेली असते. तुमचा कागद पाहिला, मला अक्षर कळलं नाही, पण बाण कळले. सांगायला हवं होतं. पण तुम्ही माझ्याकडे अशा बघायचात की धीर झाला नाही. तुमच्या फोनमध्ये मी बघत होते ते एवढंच, की त्या दिवशीचा फोटो तुम्ही ठेवलाय का. फणी मी हलवायची, कारण माझ्या पलंगाकडे टोकं करून ठेवलेली वस्तू मला बघवत नाही." आणि तिने साधा प्रश्न विचारला, "तुम्ही तो फोटो कुणाला पाठवलात?"

बाईंनी फोन काढला. फोटोत त्या स्वतः होत्या, आयुष्यात कधी नव्हे तितक्या हसऱ्या. दोन बोटांनी त्यांनी फोटो मोठा केला. खांद्यामागे मोत्यासारखं अक्षर एकेक उघडत गेलं. पाण्याच्या टाकीमागची गल्ली. वहिनीचं माहेर. माडीवरची खोली. मागचा जिना. डबा, वहिनीची आई. इथल्या कुणालाही वाचता येऊ नये म्हणून आपल्या भाषेत लिहिलेलं. पण इथल्या कुणापासून पेंटरला धोका होता? ज्यांच्यापासून होता ते सगळे हीच भाषा वाचत मोठे झालेले.

त्यांनी वर्गातूनच बाळ्याला फोन लावला.

"बाळ्या, मी पाठवलेला फोटो तू कुणाकुणाला दाखवलास?"

"सगळ्यांना! कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, आमची ताई परदेशात. तिथून कुठे कुठे गेला बघ. अगं, चौकीतला हवालदारसुद्धा रस्त्यात थांबवून म्हणाला, ताईंचं अभिनंदन सांगा."

"बाळ्या, त्याला तिथून हलव. आत्ताच्या आत्ता."

फोनवर खुडबुड झाली आणि वहिनीचा आवाज आला. "वन्सं, तो काल रात्रीच गेला. ती माणसं येऊन गेल्यावर आईने त्याला फोटो दाखवला, तिलाही कुणीतरी पाठवला होता. त्याने बराच वेळ बघितला. मग मागच्या जिन्याने निघून गेला."

"कुठे गेला?"

वहिनी अडखळली. "आईला सांगून गेलाय म्हणे. पण आई मला सांगत नाही. तो म्हणाला, बाईंना कळू देऊ नका."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बाईंनी आजवर किती पक्षकारांना ऐकवलं असेल. दूधवाला, किल्लीवाला, डॉक्टर, शेजारी, मांजर, सगळ्यांकडे त्यांनी खुलासा मागितला होता. फक्त एक माणूस त्यांनी कधी पिंजऱ्यात उभा केला नव्हता, आणि तो त्यांचाच चष्मा घालून हिंडत होता. बाईंना भर वर्गात रडू फुटलं. त्यांनी उभं राहून, मिळतील त्या शब्दांत सगळ्यांना सांगितलं की या मुलीबद्दल मी जे जे बोलले ते खोटं होतं. मग त्या मांजरीकडे वळल्या. माफी मागायचा शब्द त्या परक्या भाषेत फार लहान होता, म्हणून त्यांनी तो पुन्हा पुन्हा म्हटला.

मांजर म्हणाली, "संशय मला चालतो. मीसुद्धा करते. पण हात वर केला तेव्हा थांबायला हवं होतं."

त्या संध्याकाळी मांजरीच्या शेजारी बाई जेवायला बसल्या. बाकीच्या खुर्च्या भरायला दोन दिवस गेले. उरलेला उन्हाळा बाईंनी अभ्यास केला, पण त्यांचं निम्मं चित्त घरी होतं. पेंटरची काही खबर नव्हती. तो जिवंत आहे की चौकीच्या माणसांनी गाठला, हेही त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचा अधिकार आपण घालवला हे त्यांना कळत होतं. निघायच्या दिवशी मांजरीने त्यांची फणी उचलून त्यांच्या हातात दिली आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी इस्त्रीवाली कोर्टाच्या पायरीवर बसली होती. "येईल ना हो बाई?" तिने विचारलं. बाई तिच्याजवळ पायरीवर बसल्या. चौकीचा फौजदार समोर घड्याळ बघत उभा होता आणि अधूनमधून बाईंकडे बघून हसत होता. पुकारा झाला. साक्षीदाराचं नाव पट्टेवाल्याने एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला त्याने तोंड उघडलं, आणि मागच्या बाकावरून तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस उठला. तो सकाळपासून तिथेच बसला होता. बाईंनी त्याला पाहिलं होतं आणि तो चौकीचा माणूस असेल म्हणून त्याच्यावर नजरही ठेवली होती.

पेंटरने सगळं सांगितलं. कोठडीत काय झालं, कुणी मारलं, कशाने मारलं, पोरगा शेवटी काय म्हणाला. इस्त्रीवालीने पदर तोंडात धरला होता. फौजदाराचं हसू गेलं होतं. जबाब नोंदला गेला, सही झाली. इतके महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते झालं.

बाहेरच्या व्हरांड्यात बाईंनी पेंटरला गाठलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती, बोटांच्या पेरांना निळा रंग लागलेला होता. म्हणजे कुठेतरी काम करत होता. कुणीतरी त्याला ठेवून घेतलं होतं, खायला घातलं होतं.

"अरे, होतास कुठे इतके दिवस?" बाईंचा चष्मा आपोआप कपाळावर गेला. "आता कुठे जाणार? कुणाकडे..."

पेंटरने निळ्या बोटांचा हात वर केला, कुणाला राम राम करावा तसा, किंवा कुणाला जागच्या जागी थांबवावं तसा.

बाईंनी चष्मा खाली घेतला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि तो कुठल्या दिशेने गेला ते दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.